फुलोऱ्यात ताण दिला तर माल वाढतो का? बहार, ताण आणि पाणी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुलोऱ्यात पाणी तोडले तर फळे जास्त लागतात, हे खरे आहे का?

नाही. ताण, म्हणजे काही दिवस झाडाचे पाणी तोडणे, देतात तो फुले यावीत म्हणून, म्हणजे फुले येण्याआधी. कळी दिसायला लागली की ताणाचे काम संपलेले असते. त्यानंतरही पाणी बंद ठेवले तर झाड फुले टाकते आणि जी फळे टिकतात ती लहान राहतात. संत्रा, मोसंबी, लिंबू आणि डाळिंब या चारही पिकांना हे लागू आहे. द्राक्षात थोडा अपवाद आहे, तो पुढे दिला आहे.

गोंधळ होतो तो शब्दामुळे. ‘बहाराला ताण द्यायचा’ असे आपण म्हणतो आणि ऐकणारा ‘बहार’ म्हणजे फुललेली बाग असे समजतो. बहार धरण्यासाठी, म्हणजे ठरावीक हंगामात झाड फुलवून फळे घेण्यासाठी ताण, असे म्हटले की अर्थ नीट लागतो.

ताणाने झाडात नेमके काय घडते?

आपल्याकडच्या उष्ण हवेत या झाडांना पाणी आणि नत्र मिळत राहिले तर ती वर्षभर नवती, म्हणजे नवी पालवी, काढत राहतात. तयार झालेले अन्न नव्या पालवीत खर्च होते, फांदीत साठत नाही. पाणी तोडले की आधी मुळांची आणि शेंड्यांची वाढ थांबते. जुनी पाने मात्र काही दिवस अन्न तयार करत राहतात. ते खर्च होत नाही म्हणून फांद्यांत साठते, नत्राच्या तुलनेत कर्बोदकांचे प्रमाण वाढते, वाढ घडवणारे जिबरेलिन कमी होते आणि डोळ्यांची (फांदीवरच्या अंकुरांची) घडण पालवीऐवजी फुलाकडे वळते. पुढे पाणी मिळाले की हे डोळे एकदम फुटतात. बाग एकाच वेळी फुलल्याने फवारण्या एकाच वेळी होतात, तोडाही एकत्र येतो. ताणाचा निम्मा फायदा या एकसारखेपणात आहे.

साठलेले अन्नच नसेल, तर ताण कितीही चांगला बसला तरी फुटायला डोळ्यांत दम नसतो. मागचा माल तोडल्यावर बागेला किमान दोन-तीन महिने खत-पाणी देऊन विश्रांती द्यावी, मगच ताणावर सोडावे. ताण लागू पडला नाही, असे सांगणाऱ्या बऱ्याच बागांत विश्रांतीच मिळालेली नसते.

मृग, हस्त की आंबे बहार?

पाणी कधी आहे, ते आधी पाहा.

आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात. विदर्भात याला आंबिया म्हणतात. तिथली थंडीच निम्मा ताण देते, म्हणून संत्र्याला हा बहार सहज फुटतो. पण कोवळी फळे एप्रिल-मेच्या उन्हात सापडतात. उन्हाळाभर विहीर किंवा बोर टिकणार असेल तरच हा बहार धरावा.

मृगाची फुले जून-जुलैत येतात. ताण एप्रिल-मेमध्ये बसतो, त्या काळात पाणी नसले तरी चालते. म्हणून वरुड, मोर्शी, काटोल या पट्ट्यात पाणी कमी असलेले बागायतदार मृगाकडे वळतात. मात्र पाऊस लांबला आणि हाताशी दोन पाणीही नसले, तर ताण हवा त्यापेक्षा लांबतो आणि फांद्या वाळतात.

हस्ताची फुले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. डाळिंबाला हा बहार विशेष चांगला, कारण फळ वाढते तेव्हा हवा कोरडी असते आणि तेल्या रोगाचा जीवाणू कमी पसरतो. तेल्याचा इतिहास असलेल्या बागेत मृग धरणे म्हणजे रोगाला आमंत्रण आहे. अडचण एकच, पावसाळ्याच्या शेवटी ताण बसवणे अवघड जाते.

दोन बहार घेतले तर उत्पन्न दुप्पट होईल का?

एका वर्षात एकच बहार. दोन घेतले की दोन्ही अर्धवट येतात, तिसऱ्या वर्षी झाड थकते आणि शेंडेमर, म्हणजे फांद्या शेंड्याकडून वाळणे, दिसू लागते.

ताण किती दिवसांचा?

हलक्या, मुरमाड जमिनीत साधारण ३० ते ४० दिवस, मध्यम जमिनीत ४५ ते ५० आणि भारी काळ्या जमिनीत ६० दिवसांच्या आसपास. हे आकडे अंदाजासाठी आहेत. ताण दिवस मोजून तोडायचा (म्हणजे पाणी पुन्हा सुरू करायचे) नाही, झाड पाहून तोडायचा. एकाच बागेत वरचा तुकडा मुरमाड आणि खालचा काळा असेल, तर दोन्हींचा ताण वेगवेगळ्या दिवशी तुटला पाहिजे. त्यासाठी ठिबकला दोन वेगळे व्हॉल्व्ह बसवण्याचा खर्च एका हंगामात वसूल होतो.

पाणी एकदम बंद करू नये. ताणाआधीच्या दोन आठवड्यांत पाण्याच्या पाळ्या लांबवत न्याव्यात, मग पूर्ण थांबवावे. झटक्याने तोडलेल्या पाण्यामुळे हलक्या जमिनीत पाने हिरवीच वाळतात आणि फांदीला चिकटून राहतात. त्या पानांतले अन्न फांदीकडे परत जात नाही.

ताण पुरेसा झाला हे कसे ओळखायचे?

सकाळी सातच्या सुमारास बागेत जा. दुपारी पाने कोमेजलेली दिसणे हे ताणाचे लक्षण नाही, उन्हात पाणी दिलेले झाडही दुपारी मलूल दिसते. सकाळीही पाने वळलेली आणि फिकट दिसली तर ताण बसला.

संत्रा-मोसंबीत पाने पिवळट होऊन गळू लागतात. २५ ते ३० टक्के पानगळ झाली की ताण तोडण्याची तयारी करा. अर्ध्याहून अधिक पाने गळेपर्यंत थांबलात तर फुले येतील, पण फळ पोसायला पाने उरणार नाहीत. डाळिंब मुळातच पानगळ होणारे झाड आहे, तिथे ४० ते ५० टक्के पाने आपोआप पिवळी होऊन पडली तरी चिंता नाही.

फांदीचे शेंडेही पाहा. शेंड्याची काडी नखाने खरवडली की आत हिरवे दिसले पाहिजे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर ताण हद्दीबाहेर गेला आहे, त्याच दिवशी हलके पाणी द्या.

तिसरी तपासणी जमिनीत. झाडाच्या पसाऱ्याखाली ३० सेंटिमीटर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा होत असेल तर मुळांना अजून ओल मिळते आहे. बऱ्याच ठिकाणी वरची माती फुटलेली असते आणि खाली ओल असते, त्यामुळे वरवर पाहून फसगत होते.

दिवस भरले तरी पानगळ होत नाही. का?

बहुतेक वेळा झाडाला कुठून तरी पाणी मिळत असते. शेजारच्या उसाचा पाझर, पाट, गळका व्हॉल्व्ह, बांधालगतचे शेततळे, बागेतले आंतरपीक यांपैकी एक कारण सापडतेच. ताणाच्या काळात आंतरपीक नको आणि तणही नको. पाझर येत असेल तर त्या बाजूने दोन ते अडीच फूट खोल चर काढा.

दुसरे कारण म्हणजे उशिरा दिलेला नत्र. ताणाच्या तोंडावर युरिया पडला असेल तर झाड हिरवेगार राहते आणि ताण मानत नाही.

भारी जमिनीत हे सगळे करूनही ताण बसत नसेल, तर संत्रा-मोसंबीला क्लोरमेक्वाट क्लोराईड (५० टक्के) २ मिली प्रति लिटर फवारतात, गरज पडल्यास १५ दिवसांनी पुन्हा. म्हणजे फवाऱ्यात १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग). हे औषध शेंड्याची वाढ रोखते, जमीन कोरडी करत नाही. पाणी चालू ठेवून नुसते फवारणे हा पैशांचा नाश आहे.

मुळ्या उघड्या करून उन्हात तापवण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. तंतुमुळे तुटतात, जखमेतून बुरशी शिरते आणि मोसंबीत डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) वाढतो.

ताण चालू असताना पाऊस पडला तर?

पाच-सात मिलिमीटरची सर आली तर हलक्या जमिनीत दोन दिवसांत ती उडून जाते, ताण पुढे चालू ठेवा. २०-२५ मिलिमीटर किंवा अधिक पडला तर झाडाची अवस्था पाहून निर्णय घ्यावा लागतो.

ताण निम्म्याहून कमी झाला असेल तर वाफसा येताच, म्हणजे जमीन कामाजोगी सुकताच, हलकी वखरणी करून वरची ओल उडवा आणि पुढे मोजा. ताण जवळपास पूर्ण झाला असेल आणि मोठा पाऊस आला, तर डोळे फुटणारच. तेव्हा आणखी ताण देण्याचा हट्ट धरू नका. तोच बहार मानून खते द्या, पाणी सुरू करा. फुटलेली कळी पुन्हा पाणी तोडून मारली तर हा बहारही जातो आणि पुढचाही कमकुवत येतो.

ताण तोडायचा कसा?

चूक झाली तर ती बहुधा इथे होते. महिना-दीड महिना कोरड्या असलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी दिले की फुलांऐवजी पालवी जोरात येते, आलेली कळी गळते आणि भारी जमिनीत उरलीसुरली मुळेही गुदमरतात.

आधी जमिनीची कामे उरकावीत. पसाऱ्याखाली हलकी चाळणी करून कुजलेले शेणखत मिसळावे. पाच वर्षांपुढच्या डाळिंबाला वर्षाला ४० ते ५० किलो शेणखत, ६२५ ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि २५० ग्रॅम पालाश अशी मात्रा धरतात. ताण तोडताना पूर्ण स्फुरद, पूर्ण पालाश आणि निम्मा नत्र द्यावा. सरळ खतांत सांगायचे तर झाडाला साधारण १.५ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, ४२० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि ६८० ग्रॅम युरिया. उरलेला नत्र फळे धरल्यावर, दीड महिन्याने. माती परीक्षण हाती असेल तर हे आकडे त्याप्रमाणे बदला.

मग पाणी. पहिले पाणी, म्हणजे आंबवणी, हलके. नेहमीच्या पाळीच्या निम्मे. तीन ते पाच दिवसांनी चिंबवणी, पाऊण पाळी. त्यानंतर जमिनीप्रमाणे सात-आठ दिवसांनी पूर्ण पाणी. ठिबक असेल तर पहिल्या दिवशी थोडे, मग आठवडाभरात वाढवत पूर्ण मात्रेवर यावे.

आणि पहिले पाणी सोडण्याआधी ठिबकची प्रत्येक लॅटरल (झाडांच्या ओळीतली नळी) टोक उघडून धुऊन काढा. ताणाच्या काळात पडून राहिलेल्या नळ्यांत क्षार बसून ड्रिपर बुजलेले असतात. बुजलेल्या ड्रिपरखालच्या झाडाचा ताण तुटतच नाही, आणि कळते तेव्हा शेजारची झाडे फुलात आलेली असतात.

डाळिंबात इथ्रेल किती वापरायचे?

इथ्रेल म्हणजे पाने पाडणारे इथेफॉन (३९ टक्के). ते ताण पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाण्याआधी वापरतात. किती पाने आपोआप पिवळी झाली त्यावर मात्रा ठरते. अर्धी पाने पडलेली असतील तर १ मिली प्रति लिटर पुरते, पाने हिरवी असतील तर २ ते २.५ मिलीपर्यंत जातात. सोबत डायअमोनियम फॉस्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर टाकण्याची पद्धत आहे.

जास्त मात्रेने पाने लवकर पडतात पण कोवळ्या काड्याही मरतात, आणि फूल त्याच काड्यांवर यायचे असते. पाणी अल्कधर्मी असेल तर इथेफॉन टाकीतच विघटित होते. म्हणून पाण्याचा सामू (पीएच) तपासा, द्रावण केल्याबरोबर फवारा, बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात) कधीही मिसळू नका. इथ्रेल ताणाची जागा घेत नाही. ताण न देता पाने पाडलेल्या झाडावर पुन्हा पानेच येतात.

फुलोरा सुरू झाला. आता पाणी किती?

कमीही नको, जास्तही नको. फुलोऱ्यात पाणी कमी पडले की फुलाचा देठ जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे तुटण्याचा थर तयार होतो आणि फूल गळते. डाळिंबात त्याआधीच नुकसान दिसते. बुडाशी फुगीर, सुरईसारखे फूल फळ देते, तर बुडाशी निमुळते, घंटेसारखे नर फूल गळून जाते. पाण्याची ओढ आणि कडक ऊन यांत नर फुलांचे प्रमाण वाढते. शेतकरी म्हणतो, ‘फुले भरपूर आहेत पण सेटिंग (फळधारणा) नाही’. तेव्हा खाली पडलेली फुले उचलून त्यांचे बूड पाहावे. औषधाच्या दुकानात जाण्याआधी उत्तर तिथेच मिळते.

पाण्याचा हिशेब असा. बाष्पीभवन दिवसाला ५ मिमी, पात्र गुणांक (बाष्पीभवन मोजण्याच्या पात्रासाठीचा) ०.७, पीक गुणांक (पिकाच्या पाण्याच्या गरजेचा) ०.७ आणि झाडाचा पसारा ३ मीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे ७ चौरस मीटर. ५ × ०.७ × ०.७ × ७ म्हणजे दिवसाला १७ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १९ लिटर. ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर असतील तर सव्वा तासाच्या आत काम होते. ऊन वाढले आणि बाष्पीभवन ८ मिमीवर गेले की तेच ३० लिटर लागतात. मोटर मात्र बऱ्याचदा जानेवारीच्याच वेळेवर चालू असते.

फुलोऱ्यात मोटर जळाली, आठ दिवस पाणी मिळाले नाही. आता?

भरपाई म्हणून एकदम भरपूर पाणी देऊ नका. दोन हलक्या पाळ्या द्या, मग नेहमीचे पाणी. पुढे फळे सुपारीएवढी किंवा मोठी झाल्यावर असे कोरडे-ओले झाले तर डाळिंब तडकते. साल कडक झालेली असते आणि आतले दाणे अचानक फुगतात.

संत्र्यात फळगळ सुरू झाली तर जिबरेलिक आम्ल १.५ ग्रॅम आणि युरिया १ किलो १०० लिटर पाण्यात मिसळून फवारतात. जिबरेलिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. थोडी गळ नैसर्गिकच आहे. संत्रावर्गात शंभर फुलांतून चार-पाच फळेही शेवटपर्यंत टिकत नाहीत आणि झाड तेवढ्यानेच लगडते.

द्राक्षाला तर फुलोऱ्यात पाणी कमी करतात. मग?

हो, आणि ते बरोबर आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा ते मणी सेट होण्याच्या काळात पाणी वाढीच्या काळाच्या साधारण एक तृतीयांशावर आणतात. घडात मणी गरजेपेक्षा जास्त असतात, थोडी गळ झाली की विरळणीचे काम वाचते. शिवाय वेलीचा शेंडा थांबून अन्न घडाकडे जाते. पण कमी करणे आणि तोडणे यात फरक आहे. पूर्ण तोडले तर गळ हाताबाहेर जाते.

द्राक्षाचा खरा ‘ताण’ एप्रिल छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांचा, सूक्ष्म घडनिर्मितीच्या वेळचा. तेव्हाही पाणी आणि नत्र कमी करतात. पुढच्या हंगामातला घड त्या दिवसांत डोळ्यात तयार होतो.

कागदी लिंबाला हस्त बहार का धरत नाही?

पावसाळ्यात ताण बसत नाही आणि मृगाची फुले आधीच झाड अडवून बसतात. यासाठी ठरलेला क्रम आहे. जूनमध्ये जिबरेलिक आम्ल ५० पीपीएम (१०० लिटरला ५ ग्रॅम), त्याने मृगाची फुले रोखली जातात. सप्टेंबरमध्ये क्लोरमेक्वाट १००० पीपीएम. ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. उन्हाळ्यात लिंबाला भाव असतो, त्यामुळे ही मेहनत परवडते.

हापूसला ताण देतात का?

कोकणात जुलै-ऑगस्टच्या पावसात पाणी तोडणार कसे? तिथे पॅक्लोब्युट्राझोल तेच काम करते. शिफारस अशी: १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान, झाडाच्या पसाऱ्याच्या प्रत्येक मीटर व्यासामागे २५ टक्क्यांचे ३ मिली औषध. ६ मीटर पसाऱ्याला १८ मिली. ते तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि पसाऱ्याची कड यांच्या मधोमध १०-१२ सेंटिमीटर खोल २५-३० खड्डे घेऊन सारखे ओततात. मात्रा वाढवली तर पालवी आखूड, गुच्छासारखी येते आणि तो परिणाम काही वर्षे जमिनीत राहतो.

कोणत्या बागेला ताण देऊच नये?

संत्रा-मोसंबी पाच वर्षांच्या आतली, डाळिंब दोन वर्षांच्या आतले. मर, डिंक्या किंवा सूत्रकृमी असलेली झाडे. मागच्या बहारात क्षमतेपलीकडे माल घेतलेली बाग. डाळिंबात खोडाला टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि भुसा दिसत असेल तर आधी त्या भुंगेऱ्याचा बंदोबस्त करा. तो अशक्त, ताणलेल्या झाडावरच तुटून पडतो आणि झाड उभे वाळते.

तूर, हरभरा, ज्वारीला फुलोऱ्यात ताण दिला तर?

नुकसान. या पिकांना फूल वयाने आणि दिवसाच्या लांबीने येते, ताणाची गरजच नाही. एकच पाणी हाताशी असेल तर रब्बी ज्वारीला पोटरीत, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात असताना, ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. दुसरे असेल तर फुलोऱ्यात. हरभऱ्याला फुले येण्याच्या सुमारास आणि घाटे भरताना, पण हलके. भारी जमिनीत जास्त पाण्याने तो माजतो, ही वेगळी गोष्ट.

मग ‘ताणाने गुणवत्ता वाढते’ असे इंटरनेटवर सगळीकडे का लिहिलेले असते?

काही पिकांत ते खरे आहे, पण तिथे विकायची वस्तू वेगळी असते. मिरचीच्या काही वाणांत पाण्याच्या ओढीने तिखटपणा वाढतो, वजन मात्र घटते. वाईनच्या द्राक्षात मणी लहान राहून सालीचे प्रमाण वाढते, वाईनरीला तेच हवे असते. बरेच लेख गांजाविषयीचे असतात. कॅनडात त्याची लागवड परवान्याने करता येते आणि तिथल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या प्रयोगात फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात, पानांचा कोन मोजत, एकदाच दिलेल्या ताणाने औषधी द्रव्यांचे प्रमाण १२-१३ टक्के वाढले. तिथे विकतात ती फुलावरची राळ, फळ धरण्याचा प्रश्नच नाही. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती लागवड गुन्हा आहे.

संत्रा-डाळिंबाच्या बागेत फुलानंतर फळ धरायचे असते आणि पुढचे पाच ते नऊ महिने ते पोसायचे असते. त्या लेखांतला सातवा आठवडा आपल्या बागेत फळ गोटीएवढे असतानाचा असतो, आणि तेव्हा पाणी तोडले तर ते फळ खाली दिसते.